आतली ताकद आणि अंगाची बांधणी : जपानी युद्धकला शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयकिदोला नव्याने येणारे, कराटे सोडून आलेले, जूदो खेळणारे आणि नुसतेच व्हिडिओ पाहून चक्रावलेले लोक फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. दर वेळी फोनवर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी कुणी सेन्सेई, म्हणजे शिक्षक, नाही. पुण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये मॅट अंथरून सराव करणाऱ्यांपैकी एक आहे. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत, शुद्धलेखन तेवढं सुधारलंय.

१. 'बांधणी' आणि 'आतली ताकद' हे नेमकं काय प्रकरण आहे? साध्या भाषेत सांगा.

मार्केट यार्डातला हमाल पाहा. ५० किलोचं पोतं पाठीवर आलं की तो ते दंडाने पेलत बसत नाही. पाठ, कंबर, खुबा, गुडघा, टाच एकाखाली एक लावतो आणि भार थेट जमिनीत सोडतो. ही झाली बांधणी. आता तोच प्रवास उलटा करा. जमिनीने पायाला दिलेला रेटा त्याच वाटेने वर चढून तळहातापर्यंत आला, मधे कंबरेत किंवा खांद्यात गळला नाही, तर समोरच्याला जे जाणवतं त्याला लोक आतली ताकद म्हणतात. बाहेरून फारशी हालचाल दिसत नाही म्हणून 'आतली', एवढंच.

यात स्नायू लागत नाहीत असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. स्नायूंशिवाय पापणीही लवत नाही. पण काम कोण करतं ते बदलतं. दंड आणि छाती मागे राहतात; मांड्या, खुबे, पोटाचे खोल थर आणि पाठ पुढे येतात. समोरच्याने मनगट धरलं की त्याचा हात आपला दंड शोधत असतो. दंड कामावरच नसेल तर त्याला विरोध नेमका कुठे करायचा ते कळत नाही.

२. हे फक्त आयकिदोत असतं का?

नाही, पण आयकिदोच्या निमित्ताने चर्चा जास्त झाली, आणि त्याला कारण आहे. दाइतो-र्‍यू आयकि-जूजुत्सू ही जुनी झटापटीची कला पसरवणारे सोकाकु ताकेदा (१८५९–१९४३) उंचीला जेमतेम १५० सेंटिमीटर. त्यांच्याकडे १९१५ मध्ये होक्काइदोतल्या एंगारु गावी शिकायला लागलेले मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) तसे बुटकेच, आणि पुढे त्यांनीच आयकिदो उभं केलं. उएशिबांचे शिष्य गोझो शिओदा (१९१५–१९९४) हेही दीड मीटरच्या थोडेच वर. तीन पिढ्या लागोपाठ लहान चणीची माणसं धिप्पाडांना लोळवतायत म्हटल्यावर 'हे करतात कसं?' हा प्रश्न येणारच.

ताकेदांचे दुसरे शिष्य युकियोशी सागावा (१९०२–१९९८) यांनी या प्रश्नाचा आयुष्यभर पिच्छा पुरवला. जोडीदाराबरोबरच्या डावांनी हे येत नाही, त्यासाठी रोज एकट्याने अंग घडवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. या घडवण्याला जपानीत 'तानरेन' म्हणतात. लोहार लोखंड ठोकून घडवतो त्यालाही हाच शब्द.

आयकिदोच्या बाहेर हेच काम सुमोत शिको (पाय उचलून ठेवणं) आणि तेप्पो (खांबावर रेटणं) करतात, ओकिनावाच्या कराटेत सान्चिन आणि नाइहान्ची हे काता (ठरलेल्या हालचालींचे क्रम) करतात. जूदोतल्या क्यूझो मिफुने (१८८३–१९६५) यांच्या जुन्या चित्रफिती पाहा. तरणे पैलवान त्यांना उचलायला जातात आणि ते नुसते त्यांच्याबरोबर फिरतात. नावं वेगळी, पण धडपड जवळजवळ तीच. जवळजवळ म्हणतोय, कारण सान्चिन आणि दाइतो-र्‍यू यांची चव एक नाही (प्रश्न १२ पाहा).

३. तांदेन म्हणजे बेंबी का? तिथे काय असतं?

बेंबीच्या तीनेक बोटं खाली आणि पोटाच्या आत. तिथे वेगळा अवयव नाही, शस्त्रक्रियेत काही सापडायचं नाही. पण सरळ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण तिथेच, माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या पुढ्यात पडतो. जमिनीपासून उंचीच्या ५५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 'तांदेनपासून हला' याचा व्यवहारातला अर्थ असा, की हात-डोकं पुढे टाकून मागून अंग ओढू नका, वजनाचा मध्य आधी निघू द्या.

दुसरा भाग दाबाचा. श्वास घेताना छाती आणि पोटामधला पडदा खाली उतरतो, तळाला ओटीपोटाचे स्नायू धरून असतात, भोवतीने पोटाचे आडवे स्नायू आवळतात आणि मधला भाग भरलेल्या फुटबॉलसारखा होतो. तेव्हा कमरेचे मणके वाकत नाहीत आणि पायांकडून आलेला रेटा वर जातो. आपल्याकडे जिवाच्या आकांताने ओरडणाऱ्याला 'बेंबीच्या देठापासून ओरडला' म्हणतात. एकदा तसं खरंच ओरडून पाहा (शेजारी नसताना). पोट कुठे घट्ट होतं ते लक्षात ठेवा. तांदेनची याहून चांगली ओळख मला तरी करून देता येत नाही.

ओबी म्हणजे पट्टा कंबरेवर न बांधता खाली, खुब्याच्या हाडांवर टेकवून का बांधतात, हेही यातून कळतं. पोट फुगलं की पट्टा पुढून तटतो, हाकामाची (वरून घालायच्या घेरदार विजारीची) मागची पाटी कण्याला लागते. आपण नीट उभे आहोत की नाही ते कपडाच सांगतो.

४. 'की' म्हणजे आपला प्राणच ना? मग प्राणायाम केला तर चालेल का?

जपानीत 'की' हा शब्द दिवसभर तोंडात असतो. 'गेन्की' म्हणजे तब्येत ठणठणीत, 'ब्योकी' म्हणजे आजार, 'तेन्की' म्हणजे हवामान, 'की ओ त्सुकेते' म्हणजे जपून जा. आपण 'जीव' कसा वापरतो पाहा: जीव लावला, जीव टांगणीला लागला, जीव रमेना, जीव ओतून काम केलं. 'जीव ओतून कर' हे ऐकून कुणी शरीरातला एखादा द्रव शोधत नाही. मास्तरांना काय हवंय ते कळतं. 'की पुढे वाहू दे' ही सूचनाही बव्हंशी तशीच घ्यावी. लक्ष बोटांच्या पुढे ठेवलं की दंड आपोआप आवळायचा थांबतो, म्हणून ती चालते.

त्यापलीकडे 'की' ही खरोखरची ऊर्जा आहे असं मानणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात मला रस नाही. मॅटवर दोघांनाही गुडघा रेषेतच ठेवावा लागतो. प्राणायाम जरूर करा, श्वासावर ताबा येतो. पण नुसत्या प्राणायामाने रेटा वाहायला शिकत नाही.

५. सेन्सेई सारखं 'सैल सोडा' म्हणतात. सैल सोडलं की मी ढकलला जातो. ताठ झालो की ओरडा खातो. करू काय?

सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न. खरं सांगायचं तर चूक तुमची कमी आणि शब्दाची जास्त आहे. 'सैल' म्हटल्यावर मराठी माणूस ढिला होतो.

वाळत घातलेल्या साडीचं उदाहरण घ्या. दोरीवर ती सैलच लटकते, पण वरून चिमटा आणि खालून तिचं स्वतःचं वजन यांनी ती ओढलेलीही असते. मधे बोट लावलं तर पूर्ण पदर हलतो. तीच साडी बादलीत पडली की ढिली. अंगाला हवी ती पहिली अवस्था. टाळू वर टांगलेली, माकडहाड खाली लोंबणारं, खांदे आपल्या वजनाने बरगड्यांवर टेकलेले, कोपरं जड. स्नायू आवळलेले नाहीत, पण ओढही गेलेली नाही.

माझं पाठीमागचं वर्ष यातच गेलं. सेइझात (वज्रासनासारखं) बसून जोडीदार दोन्ही मनगटं मांड्यांवर दाबून धरतो आणि आपण हात वर आणायचे, हा दाइतो-र्‍यूतला 'आयकि-आगे'. आयकिदोत वर्गाच्या शेवटी जो बसून 'कोक्यू-हो' करतात तो त्याचा भाऊबंद. माझा जोडीदार ९० किलोचा. मी दंडाने उचलायला गेलो की तो नुसता खाली पाहून हसायचा. कितीतरी आठवड्यांनी कंटाळून मी हात उचलायचा नादच सोडला, कोपरं जमिनीकडे लोंबू दिली, बोटं उघडली आणि फक्त बसल्या जागी पाठ लांब केली. त्याचे खांदे कानांकडे गेले, टाचा सुटल्या. तो म्हणाला, 'काय केलंस?' मला सांगता येईना. पुढच्या प्रयत्नात मुद्दाम तसं करायला गेलो आणि काहीच झालं नाही. तेव्हापासून आजवर दहातून चार वेळा जमतं.

६. तो न वाकणारा हात खरा आहे की हातचलाखी?

खरा आहे, फक्त त्याचा अर्थ मोठा लावतात. कोइची तोहेई (१९२०–२०११) यांनी हा प्रयोग देशोदेशी दाखवला. तुम्ही हात पुढे धरता आणि दुसरा माणूस तो कोपरात वाकवू पाहतो. आधी 'जोर लावून हात ताठ ठेवा' म्हणतात, आणि हात वाकतो. मग 'बोटांतून पाण्याची धार लांब जातेय असं समजा' म्हणतात, आणि वाकत नाही.

पहिल्या वेळी माणूस जोर लावतो म्हणजे दंडाचा पुढचा आणि मागचा, दोन्ही स्नायू एकदम आवळतो. पुढचा स्नायू हात वाकवणाराच असतो, म्हणजे आपणच समोरच्याला मदत करतो. पाण्याच्या धारेची कल्पना केली की हात लांब करणारा मागचा स्नायू तेवढा काम करतो. वाकवणारा पहिल्या वेळी झटका देतो आणि दुसऱ्या वेळी हळूहळू रेटतो, हा फरकही अनेकदा नकळत पडतो. घरी करून पाहायचं असेल तर तो दोन्ही वेळा सारखाच करा. धडा उपयोगाचा आहे: स्वतःच्याच स्नायूंशी भांडू नका. पण हे जमलं म्हणजे आतली ताकद आली असं नाही; हा बालवाडीतला धडा आहे.

७. जवळ दोजो (सरावाची जागा) नाही. घरी एकट्याने काय करता येईल?

तीन गोष्टी करा, पण त्याच करा. दर आठवड्याला नवा व्हिडिओ नको.

पहिली, नुसतं उभं राहणं. केन्इची सावाई (१९०३–१९८८) यांनी चीनमधून आणलेल्या पद्धतीत याला 'रित्सुझेन' म्हणजे उभं ध्यान म्हणतात. पाय खांद्याइतके दूर, पावलं सरळ, गुडघे कुलूप न लावता किंचित मोकळे, हात मोठी घागर कवटाळल्यासारखे छातीसमोर. पाच मिनिटांपासून सुरुवात. दुसऱ्या मिनिटाला खांदे पेटतात. ते पेटले म्हणजे हाताचा भार खांद्याने धरला होता, पाठीवर गेलाच नव्हता. खांदे सोडा, पुन्हा पेटतील, पुन्हा सोडा. हाच व्यायाम.

दुसरी, शिको. पाय रुंद, बोटं आणि गुडघे एकाच तिरक्या दिशेला, पाठ भिंतीला टेकल्यासारखी उभी. पूर्ण वजन डाव्या पायावर सरकवा, मग उजवा पाय उचला, एक श्वास थांबा आणि ठेवा. आपटू नका, खालचा भाडेकरू वर येईल. उचलणं महत्त्वाचं नाहीच; उभ्या पायाच्या खुब्यावर आख्खं धड तोलतं का, ते पाहायचं. सुमोतली मुलं हे शेकड्यांनी करतात. आपण दोन्ही बाजूंनी वीस वीस, पण सावकाश.

तिसरी, सुबुरी, म्हणजे तलवारीचे वार एकट्याने हवेत करणं. बोक्केन (लाकडी तलवार) नसेल तर मीटरभर लांबीची काठी चालेल. वर उचलताना काठीचं टोक मागे पडू न देता, खाली आणताना मनगटाने मारण्याऐवजी पोट खाली बसवून. काठी थांबते त्या क्षणी टाचा जमिनीत जरा दाबल्या जातात का ते पाहा. दाबल्या जात नसतील तर हात एकटेच काम करतायत.

मी सुरुवातीला शिको चुकीचा केला आणि गुडघ्याची किंमत मोजली. ते प्रश्न १० मध्ये आहे. आधी ते वाचा.

८. आपली बांधणी सुधारतेय हे कसं तपासायचं? ढकलून पाहतात ती चाचणी किती खरी?

चाचणी चांगली आहे, पण हिशेब माहीत असेल तर. पाय शेजारी ठेवून सरळ उभं राहा. जोडीदार छातीच्या हाडावर तळहात टेकवून हळूहळू रेटतो. समजा तुमचं वजन ७० किलो, छाती जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर, आणि गुरुत्वमध्य टाचेच्या मागच्या कडेपासून १० सेंटिमीटर पुढे. आडव्या रेट्याने तुम्ही टाचेवरून मागे उलटायला लागाल ते ७० गुणिले १० भागिले १३०, म्हणजे साधारण साडेपाच किलोला. अंग पुढे कलवून मध्य चवड्यांपर्यंत नेला तरी १०–११ किलो. बस्स. कितीही वर्षं तानरेन केलं तरी हे गणित बदलत नाही.

मग म्हातारे सेन्सेई तगड्या शिष्यांचा रेटा कसा सोसतात? रेट्याची दिशा बदलतात. नवखा माणूस रेटा आला की छाती मागे किंवा पुढे ताठ करतो, आणि रेटा आडवाच राहतो. जाणकाराची छाती तळहाताखाली किंचित बसते, रेटणाऱ्याला टेकायला जागा मिळते आणि तो नकळत आपलं थोडं वजन त्यांच्यावर टाकतो. ते वजन टाचेच्या पुढे पडतं, म्हणजे त्यांना उलटवण्याऐवजी रोवतं. शिवाय त्याच्या स्वतःच्या टाचा हलक्या झालेल्या असतात. कौशल्य इथे आहे, आणि ते खरं कौशल्य आहे.

रांगेने दहा जण एकामागे एक ढकलतायत अशी दृश्यं मात्र सोडून द्या. दहा जणांचा जोर बेरीज होऊन पुढे येत नाही. सर्वांत पुढचा माणूस जितका रेटा स्वतःच्या अंगातून पुढे देऊ शकतो तेवढाच पोचतो, बाकीचे एकमेकांना दाबत बसतात.

घरच्या घरी चाचणी करायची असेल तर बाथरूममधला वजनकाटा भिंतीला उभा धरून तळहाताने रेटा. आधी दंडाने, मग मागच्या पायाने. आकडा वाढला तर छान, पण खांदा कानाकडे गेला का, हे दुसऱ्याला पाहायला सांगा. खांदा न उचलता वाढलेला आकडाच मोजायचा.

९. किती दिवसांत जमेल?

दिवसांत नाही. रोज २० मिनिटं केलं तर तीनेक महिन्यांत उभं राहण्यात फरक पडतो, बसमध्ये दांडी न धरता उभं राहता येतं. धरलेल्या मनगटावर जोडीदाराला काही वेगळं जाणवायला मला आठ महिने लागले. डाव चालू असताना, घाईत, तेच टिकणं ही अजून पुढची पायरी आहे आणि तिच्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही.

१०. शिको आणि सेइझाने गुडघे दुखतात. सोडून देऊ का?

दुखणं सांध्यात असेल तर लगेच थांबा. मांडीत असेल तर चालू द्या. मी पहिल्या उन्हाळ्यात उत्साहाने रोज शंभर शिको घातले. शिकवणाऱ्याने गुडघ्यांकडे पाहिलंच नाही, मीही नाही. उतरताना गुडघे आत पडत होते आणि पावलं बाहेर होती. सहा आठवड्यांत उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ लागायला लागली, जिना उतरताना कठडा धरावा लागे. फिजिओथेरपिस्टने आरशासमोर उभं करून एकच गोष्ट दाखवली: गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिली पाहिजे. ती आत गेली की मांडीचं हाड आणि नळी एकमेकांविरुद्ध पिळली जातात. माझे खुबे उघडत नव्हते, म्हणून गुडघा तडजोड करत होता.

तेव्हा शिको उथळ करा, जिथे वाटी रेषेत राहते तिथपर्यंतच. खोली नंतर येते. सेइझात पोटरी आणि मांडी यांच्यामध्ये उशी किंवा घडी केलेला टॉवेल ठेवा. कुणी हसलं तर हसू दे. ज्यांना भारतीय पद्धतीच्या संडासाची सवय आहे त्यांचे खुबे सहसा मोकळे असतात, कमोडवाल्या पिढीला जास्त वेळ लागतो. लिगामेंट किंवा गादीची शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

११. जिम सोडू का? आणि दंड-बैठका?

सोडायची गरज नाही. 'वजनं उचलली की आतली ताकद जाते' हे ऐकायला गूढ वाटतं, पण ओकिनावाचे कराटेकर स्वतः वजनंच उचलायचे. दांड्याच्या टोकाला दगड बसवलेली चिइशी हे तर आपल्या तालमीतल्या मुद्गलाचं चुलत भावंड. गोजू-र्‍यू या कराटे शाखेचे चोजुन मियागी (१८८८–१९५३) १९३४ मध्ये हवाईला गेले आणि तिथल्या पैलवानांचं पाहून लोखंडी कडं सरावात आणलं. शुद्धतेचा आव आणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

अडचण सवयीची आहे. मशीनवर बसून एकेक स्नायू वेगळा वेगळा थकवायला शिकलात की मॅटवरही अंग सुटं सुटं काम करतं. जोर आणि बैठका त्या मानाने बऱ्या, कारण सगळं अंग एकत्र लागतं. मात्र दोन्ही एकाच सत्रात करायचं तर तानरेन आधी, वजनं नंतर. थकलेला खांदा लगेच जुन्या वाटेने जातो.

१२. सान्चिनमध्ये तर पूर्ण अंग दगडासारखं आवळतात. मग 'सैल सोडा' चं काय झालं?

विरोध वाटतो तो काही अंशी खराच आहे. गोजू-र्‍यूच्या सान्चिनमध्ये श्वास घुमवत, मुठी आवळून, अंग कसून करतात आणि शिक्षक खांद्यांवर, पाठीवर थापा मारून तपासतो. कान्बुन उएची (१८७७–१९४८) चीनमधल्या फूजोहून जी परंपरा घेऊन आले तिच्यात त्याच नावाचा काता उघड्या हाताने आणि पुष्कळ शांत श्वासाने होतो. म्हणजे आवळणं हा त्या काताचा प्राण नाही. बगला खाली, कोपरं आत, ओटीपोट उचललेलं, पायांचे तळवे जमिनीला धरून: हे दोन्हीकडे आहे. ओकिनावाचे लोक 'चिंकुची' म्हणतात ते क्षणभराचं कुलूप, कायमचं नाही.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं मऊ सान्चिन करावा. आधी आवळायला शिकलेला माणूस नंतर सोडायला शिकताना फार रडतो.

रक्तदाब, हर्निया, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असलेल्यांनी किंवा गरोदरपणात कसलेला सान्चिन करू नये. अंग आवळून श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. श्वास ऐकू येईल इतका चालू ठेवा.

१३. कराटेचे सर 'कंबर फिरव' म्हणतात, तुम्ही 'कंबर पिळू नको' म्हणता. कोण बरोबर?

दोघंही, कारण दोघं वेगळ्या जागेबद्दल बोलतायत. जपानी 'कोशी' या शब्दात कटीचा सगळा पट्टा येतो. आपली 'कंबर'ही तशीच ढोबळ आहे. वळायचं ते खुब्याच्या सांध्यात, म्हणजे मांडीचं हाड जिथे खोबणीत बसतं तिथे. पिळायची नाही ती बरगड्या आणि कटी यांच्यामधली मऊ जागा. तिथे पीळ पडला की पायाचा रेटा तिथेच जिरतो आणि दहा वर्षांनी मणका बिल दाखवतो.

तपासायला एक हात बरगड्यांच्या शेवटच्या हाडावर, दुसरा खुब्याच्या पुढच्या हाडावर ठेवून ठोसा मारल्यासारखं वळा. दोन्ही हात बरोबर फिरले पाहिजेत. नाइहान्चीत अख्खा काता एका रेषेत आडवा चालतो तो बहुधा याच पिळाला वेसण घालायला.

१४. वर्गात सगळे पडतात. बाहेर मित्राला धरायला सांगितलं तर हललाही नाही. फसवणूक चालू आहे का?

सरसकट फसवणूक नाही, पण लाडाकोडाची सवय आहे. आयकिदोत 'उके', म्हणजे डाव घेणारा, स्वतःला इजा होऊ नये म्हणून आधीच पडायला शिकतो. वर्षभरात तो इतका तयार होतो की आपण नुसती भुवई उडवली तरी लोळण घेतो. आपल्याला वाटतं, आली ताकद.

उपाय साधा आहे. महिन्यातून एक वर्ग 'न पडण्याचा' ठेवा. उकेने लढायचं नाही, डावही उलटवायचा नाही. फक्त खरंखुरं धरायचं आणि तोल जात नाही तोवर पडायचं नाही. बहुतेकांचे नव्वद टक्के डाव त्या दिवशी बंद पडतात आणि वातावरण थोडं कडवट होतं. जे दहा टक्के उरतात त्यांच्यावर काम करायचं. मित्राचं म्हणाल, तर त्याला आधी सांगून उभा केला, म्हणजे तो फक्त न हलण्यासाठी उभा होता. असा माणूस ठोसा मारत नाही, पळत नाही, काही करत नाही. ती परीक्षा अवघड आहेच, पण तीच एकमेव परीक्षा नव्हे.

१५. स्पर्श न करता पाडणारे सेन्सेई खरे असतात का?

नाही. २००६ मध्ये जपानमध्येच अशा एका दावेदाराने मिश्र युद्धकलेच्या खेळाडूला उघड आव्हान दिलं आणि मिनिटभरात मार खाल्ला. व्हिडिओत त्यांचे शिष्य मात्र दुरूनच धडाधड कोसळताना दिसतात, आणि ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. प्रश्न १४ मधली सवय वीस वर्षं वाढू दिली की हेच होतं.

१६. 'नांबा' चालीबद्दल ऐकलं, एकाच बाजूचा हात-पाय बरोबर. जुने सामुराई असेच चालायचे का?

सगळे जुने जपानी असे चालत, या दाव्याबद्दल जाणकारांत एकमत नाही. पण सुमोच्या तेप्पोत खांबावर रेटताना त्याच बाजूचा पाय सरकतो, तलवारीच्या कामातही धड न पिळता पुढे जावं लागतं. म्हणजे सराव म्हणून त्यात अर्थ आहे. २००३ च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत २०० मीटरला कांस्य मिळवणाऱ्या शिंगो सुएत्सुगु यांनी नांबाचं नाव घेतलं आणि जपानात लाट आली. घरातल्या पॅसेजमध्ये चालून पाहा, रस्त्यावर नको.

१७. जूदो किंवा कुस्तीत याचा उपयोग होतो का, की नुसतं मनगट धरण्याचा खेळ?

होतो, पण एकट्याने नाही. जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांनी फेकीचे तीन टप्पे केले: कुझुशी म्हणजे तोल मोडणं, त्सुकुरी म्हणजे जागा साधणं, काके म्हणजे फेक. बांधणी पहिल्या टप्प्यात कामी येते. मातीतला पैलवान मान धरून जे 'वजन टाकतो' ते याच घराण्यातलं. जो नुसता हाताने मान ओढतो तो लगेच कळतो. पण दम, वेग आणि हजारो झटापटी यांची जागा उभं राहून घेता येत नाही. वर्षभर फक्त रित्सुझेन केलेला माणूस दोन वर्षं रांदोरी (जूदोतला मोकळ्या झटापटीचा सराव) केलेल्या मुलासमोर हरेल, आणि हरायलाच हवा.

१८. आमचे सेन्सेई हे सगळं विचारलं की 'सराव करा, कळेल' म्हणतात. त्यांना येत नाही की सांगायचं नाही?

तिसरीही शक्यता आहे: येतं, पण सांगता येत नाही. मला आयकि-आगे जमला तेव्हा मलाही सांगता आलं नव्हतं. शिवाय जपानी परंपरेत कसब 'चोरायचं' असतं, शिक्षक हातात ठेवत नाही.

म्हणून तोंडाने विचारू नका, हाताने विचारा. वर्ग संपल्यावर विनंती करा, 'सेन्सेई, एकदा तुमचं मनगट धरू का?' घट्ट धरा, डोळे मिटा. ते हलतील तेव्हा तुमच्या अंगात पहिल्यांदा काय हललं ते पाहा: बोटं, खांदा की टाच? टाच हलली असेल तर तिथेच थांबा आणि अजून काही वर्षं त्यांचं मनगट धरा. दर वेळी खांदाच ओढला जात असेल तर दुसऱ्या गावच्या शिबिरांना जाऊन आणखी मनगटं धरून पाहायला हरकत नाही. तिकीट काढताना आपल्या सेन्सेईंना सांगून जा.